सपाट वावरातली गाडी: आधी क्षितिज, मग इंजिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूर्तिजापूरच्या बाजूचे, भुसावळ–बडनेरा लाईन त्यांच्या घरापासून दोन किलोमीटरवर. जवळ १८-५५ लेन्सचा साधा डीएसएलआर आणि फोन. ते म्हणतात, ‘‘कसारा-खंडाळ्याला वळणं आहेत, बोगदे आहेत, पावसाळ्यात धबधबे आहेत. आमच्याकडे नुसतं सपाट. गाडी येते, जाते. दहा फोटो काढले तर दहाही सारखेच दिसतात. इथं काढण्यासारखं आहे तरी काय?’’

मी अकोल्याचा. शेगाव ते बडनेरा या पट्ट्यात वीसेक वर्षं गाड्यांचे फोटो काढतोय. घाटातही जाऊन आलो, पण माझ्या भिंतीवर तिथला एकही फोटो नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल आणि थोडं आपल्या मुलखाची बाजू घेणारंही असेल.

दहा फोटो सारखे दिसतात, कारण दहाही वेळा तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून, कॅमेरा डोळ्याला लावून काढले असणार. घाटात हे खपतं. तिथं दरी, कडा, बोगद्याचं तोंड यातलं काहीतरी मदतीला येतंच. इथं दोनच रेघा आहेत, एक क्षितिजाची आणि एक गाडीची, आणि दोन्ही आडव्या. या दोन रेघांचं एकमेकींशी काय नातं ठेवायचं हे तुम्ही ठरवलं नाही, तर ते तुमच्या उंचीवर ठरतं. आणि तुमची उंची काही रोज बदलत नाही.

सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं. कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर असेल, तर समोरच्या रानातली पाच फुटांपेक्षा उंच प्रत्येक वस्तू क्षितिजाच्या वर डोकं काढते आणि त्याहून बुटकी प्रत्येक वस्तू जमिनीत बुडते, मग ती पन्नास मीटरवर असो की पाचशे. आता आपल्या लाईनचा विचार करा. पूर्णेचं खोरं, काळी जमीन, पावसाळ्यात पाणी पसरणारं. म्हणून रूळ बऱ्याच ठिकाणी भरावावर आहेत, कुठे कमरेएवढ्या तर कुठे दीड पुरुष उंच. अशा भरावासमोर तुम्ही तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलात, कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर ठेवलात, की रूळच कॅमेऱ्याच्या वर जातात. मग सगळी गाडी, चाकांसकट, आभाळात धावते. चाकांच्या मधून उजेड दिसतो.

त्याच जागी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहा. कॅमेरा आता दहा फुटांवर गेला आणि क्षितिज नेमकं डब्यांच्या पोटातून आरपार जातं. मागची झाडं खिडक्यांत मिसळतात, आभाळ टपावर अर्धवट टेकतं, गाडी धड जमिनीवरही नाही आणि आभाळातही नाही. थोडी उंची सगळ्यात वाईट. उंच जायचं तर नीट उंच, म्हणजे उड्डाणपुलावर. तिथून क्षितिज गाडीच्या टपापासून बरंच वर जातं आणि गाडीच्या मागं आभाळाऐवजी शेतं येतात: तासांच्या रेघा, धुऱ्यांच्या चौकटी, मधेच एखादी विहीर. म्हणजे बसून एक फोटो, पुलावरून दुसरा. मधल्या उंचीवर वेळ घालवू नका.

हे मला कुणी शिकवलं नाही. पहिली चार-पाच वर्षं मी जे सापडेल त्यावर चढायचो. बंडी (बैलगाडी), ट्रॉली, राखणीचं मचाण, एकदा तर कडब्याची गंजी, आणि मालकाच्या शिव्याही खाल्ल्या. मग एका ऑक्टोबरात, सोयाबीनची सोंगणी चाललेली, नागझरी आणि पारसच्या मधे धुऱ्यावर उभा होतो आणि बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आत शिरला. खाली बसलो, बूट काढला, काटा ओढत होतो, तेवढ्यात कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, आला. उठायला वेळ नव्हता. एक बूट मांडीवर, तसाच बसून तीन-चार फ्रेम घेतल्या. घरी येऊन पाहतो तर वाघिणींच्या खालून, प्रत्येक चाकाच्या जोडीमधून, संध्याकाळचं नारिंगी आभाळ दिसतंय. एका ओळीत एकूण एक वाघीण जमिनीपासून सुटून वर उचललेली. त्याआधीच्या चार-पाच वर्षांतले माझे झाडून सगळे फोटो त्या एका फ्रेमपुढे फिके पडले. काटा मात्र दोन दिवस ठणकत होता.

तर पहिलं काम: तुमच्या घराजवळच्या लाईनला भराव कुठं किती उंच आहे ते चालून पाहा. लाईनवरून नाही, पांदणीने, शेताच्या बाजूने. जिथं मोरी किंवा नाल्याचा पूल आहे तिथं भराव सहसा उंच असतो. तुमच्या बाजूला काटेपूर्णा स्टेशनच्या आसपास नदीमुळे अशा जागा मिळतील.

दुसरी गोष्ट लांबीची. ही आकडेमोड एकदा करून ठेवली की पुन्हा करावी लागत नाही. एलएचबी, म्हणजे एक्सप्रेसचा नव्या बनावटीचा डबा, जवळपास २४ मीटर लांब. बावीस डबे आणि इंजिन मिळून गाडी होते साधारण ५५० मीटर. उंची, रुळापासून टपापर्यंत, चार मीटरच्या थोडी वर. म्हणजे उंचीच्या एकशे तीस पट लांबी. तुमच्या १८-५५ च्या १८ या टोकाला, म्हणजे सगळ्यात रुंद दिसतं तिथं, सगळी गाडी आडवी मावायला हवी असेल तर लाईनपासून सव्वाचारशे मीटर मागं जावं लागेल, आणि सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत ती गाडी भरेल जेमतेम पंचेचाळीस पिक्सेल उंच. म्हणजे दोराच. हे आधी माहीत नसलं की माणूस सगळी गाडीही हवी आणि इंजिनाचा नंबरही वाचता यावा अशा हट्टानं अधलंमधलं काहीतरी काढतो. सपाटीत दोन्ही एकदम मिळत नाही. घाटात गाडी वळते, इंजिन तुमच्याजवळ आणि शेपूट दूर जाते, म्हणून तिथं दोन्ही साधतं. इथं निवड करा: दोरा हवा की तोंड.

मी दोरा निवडतो, दहापैकी सात वेळा. दोऱ्याचा फोटो म्हणजे खरं तर आभाळाचा किंवा रानाचा फोटो. गाडी त्यात एक लाल टाका. म्हणून आधी गाडी नसताना फ्रेम जुळवायची. वर ढग असतील तर क्षितिज खाली, फोटोच्या तळाला. आभाळ कोरं असेल तर क्षितिज वर आणि खाली सगळं पीक. मग एखादी उभी गोष्ट शोधायची, कारण दोन आडव्या रेघांना छेद देणारं काहीतरी लागतं. एकटा पळस, कडुनिंब, विजेचा खांब, कापूस वेचायला वाकलेल्या आणि नेमक्या त्या क्षणी कंबर ताणायला उभ्या राहिलेल्या एक बाई. इंजिन त्या उभ्या वस्तूला टेकायच्या आधी बटण दाबायचं, टेकल्यावर नाही. इंजिन झाडाच्या मागं अर्धं गेलं की डोळा अडखळतो.

उभ्या गोष्टींमध्ये ओव्हरहेड तारेचे खांबही आले. बरेच जण त्यांना शिव्या घालतात, मीही घालायचो. सरळ मार्गावर दोन खांबांतलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, म्हणजे एका गाळ्यात बरोबर तीन डबे. जवळून इंजिनाचा फोटो काढताना इंजिनाचं नाक गाळ्याच्या मधोमध हवं. नाकावर खांब आला की संपलं. दुरून मात्र तेच खांब ठेका धरतात. सगळी गाडी घेतली तर सात-आठ खांब येतील, त्यांना येऊ द्या.

आता ऊन. आपल्या लाईनचा मोठा फायदा हा की अकोला ते मूर्तिजापूर ती जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम जाते. पुढे बडनेऱ्याकडे थोडी उत्तरेला झुकते, शेगावकडे थोडी तिरकी आहे, पण ढोबळमानाने पूर्व-पश्चिमच. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, नैर्ऋत्येला मावळतो आणि दिवसभर दक्षिणेकडून चालतो. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा तो आपल्याकडे ४६ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे दक्षिण बाजूच्या शेतात उभे राहिलात तर सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत गाडीचा तुमच्याकडचा अंगभाग उजेडात. मे महिन्यात उलट. शेवटच्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात ती हीच. डब्यांच्या बाजू काळ्याठिक्कर आणि टप पांढरं. त्या दिवसांत दहा ते चार घरी थांबा. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, तेव्हा पहाटे-संध्याकाळी लाईनच्या उत्तरेला जा.

याच्यात आणखी एक पदर आहे. दुहेरी लाईनवर गाड्या डाव्या बाजूने चालतात. मुंबईकडे जाणारी गाडी पश्चिमेला तोंड करून जाते, तिची डावी बाजू दक्षिण. म्हणजे दक्षिणेच्या शेतातून पाहणाऱ्याला मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या जवळच्या रुळावर, नागपूरकडे जाणाऱ्या पलीकडच्या. हिवाळ्यातली संध्याकाळ, दक्षिणेचं शेत आणि मुंबईकडे जाणारी गाडी हा सगळ्यात सोपा मेळ: तोंडावरही ऊन, अंगावरही ऊन आणि मधे काही नाही. सकाळी नागपूरकडे जाणाऱ्यांच्या तोंडावर ऊन असतं, पण त्या पलीकडच्या रुळावर, आणि तिथं जुगार आहे. एकदा जानेवारीतल्या दुपारी मी नागपूरकडे जाणाऱ्या गीतांजली एक्सप्रेससाठी दोन तास थांबलो. हवा स्वच्छ, गाडी उशिरा धावत होती म्हणून ऊनही मनासारखं कललेलं. हॉर्न ऐकू आला आणि त्याच क्षणी अलीकडच्या रुळावर विरुद्ध बाजूने मालगाडी शिरली. लोड मालगाडी, सातशे मीटरची, पन्नासच्या वेगाने. ती हलायला पन्नास सेकंद घेते. गीतांजलीला माझ्यासमोरून जायला वीसही लागले नाहीत. वाघिणींच्या फटींतून मला लाल रंग लुकलुकताना दिसला, बस. तुम्हालाही हे होणार, कारण प्रवासी गाड्या ॲपवर कळतात, मालगाड्या कळत नाहीत. त्यावर इलाज नाही. मी आता अशा वेळी मालगाडीचाच फोटो घेतो.

संध्याकाळच्या उन्हाचा एक प्रकार आवर्जून करून पाहा. डिसेंबरात सूर्य मावळायच्या शेवटच्या दहा मिनिटांत तो लाईनशी साधारण पंचवीस अंशांचा कोन करतो. तुम्ही दक्षिणेच्या बाजूलाच, पण गाडीच्या बऱ्याच पूर्वेला उभे राहा आणि पश्चिमेकडे, लाईनशी तेवढ्याच तिरक्या नजरेने बघा. सूर्याचं ऊन एलएचबी डब्यांच्या गुळगुळीत बाजूवर आपटून थेट तुमच्याकडे येतं. गाडीची अख्खी बाजू पितळेची होते, बाकी रान काळं. कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो रान उजळवायला जाईल आणि पितळ पांढरं फटक करेल, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दीड-दोन स्टॉप कमी ठेवा. जुन्या निळ्या डब्यांवर ही चमक फार कमी येते.

सूर्याच्या बिंबावरून जाणाऱ्या गाडीची काळी आकृती मात्र या लाईनवर नीट मिळत नाही, कारण सूर्य लाईनच्या टोकाला मावळतो. त्यासाठी उत्तर-दक्षिण लाईन हवी, आणि ती आपल्याकडे आहे: अकोला–अकोट. जुनी मीटरगेज, आता ब्रॉडगेज. अकोल्याहून जवळजवळ सरळ उत्तरेला जाते आणि गांधीग्रामला पूर्णा ओलांडते. खारपाणपट्टा तो, विहिरीला गोडं पाणी नाही, त्यामुळे झाडोरा विरळ आणि पश्चिमेचं आभाळ मोकळं. लाईनच्या पूर्वेला बसा. हो, बसा, आकृती आभाळात हवी असेल तर कॅमेरा रुळाच्या खाली हवाच. गाड्या मोजक्या आहेत, वेळ पाहून जा.

पिकांकडे वळतो, कारण सपाट मुलखात रंग पिकांकडूनच येतो आणि तो दर पंधरा दिवसांनी बदलतो. ऑगस्टमध्ये सगळं एकच हिरवं, फोटोला कंटाळवाणं. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन पिवळं पडायला लागतं आणि शेजारची कपाशी अजून हिरवी असते. तेव्हा पुलावरून पाहिलं तर चौकटी स्पष्ट दिसतात आणि त्यांच्यातून लाल गाडी जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलते. तूर माणसाच्या छातीपर्यंत येते, कधी डोक्यापर्यंत, म्हणून ती समोर घेऊन बसायचं आणि पिवळ्या फुलांच्या फटीतून गाडी बघायची. कापूस फुटला की मी सगळ्यात जास्त वेळ तिथं घालवतो.

कापसाचा फोटो जवळून सांगतो. वेचणीच्या आधी जा, नंतर झाडावर नुसती खोंडं उरतात. एक पूर्ण फुटलेलं बोंड निवडा, चार पाकळ्यांचा कापूस बाहेर लोंबणारं, खालच्या पानांवर धूळ नसलेलं. कॅमेरा त्याच्यापासून हातभर अंतरावर, बोंडाच्या थोडा खाली, म्हणजे बोंडाच्या मागं आभाळ आणि आभाळाच्या तळाला भराव येईल. लेन्स ३५ च्या आसपास, एफ ८, फोकस बोंडावर पक्का करून ऑटोफोकस बंद. नाहीतर गाडी आली की कॅमेरा तिच्यामागं पळतो. गाडी धूसर येईल, येऊ द्या. लाल पट्टा आणि त्यावर खिडक्यांचे काळे ठिपके एवढं दिसलं तरी प्रत्येकाला ती गाडी आहे हे कळतं. वारा असेल तर बोंड हलतं, तेव्हा शटर १/५०० च्या खाली नको. आणि हो, पांढरं बोंड उन्हात जळतं, म्हणून पुन्हा थोडं अंडर, म्हणजे उजेड कमी. उलट मार्चमध्ये नांगरलेलं काळं वावर फ्रेमभर असेल तर कॅमेरा फसून सगळं उजळ करतो, काळी माती करडी होते. तिथंही अंडरच.

हरभरा, गहू, जानेवारीतलं धुकं हे सगळे करतातच, त्यावर वेगळं काय सांगू. फेब्रुवारी-मार्चमध्ये कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवतात, त्या धुराचा थर संध्याकाळी जमिनीलगत अडकून राहतो आणि गाडीचा हेडलाईट त्यात लांब कापत येतो, तेवढं लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर खडीवरून झळा उठतात. लांब लेन्सने काढलेलं इंजिन पाण्यात थरथरल्यासारखं दिसतं. कडक, तीक्ष्ण फोटो हवा असेल तर ते महिने विसरा. थरथरच हवी असेल तर उड्डाणपुलाच्या कठड्यावरून लाईनच्या सरळ रेषेत बघा. तुमच्या ५५ ला ते जमणार नाही, त्याला दोनशे-तीनशे मिलिमीटर लागेल.

सातपुड्याबद्दल एक प्रसंग. जलंबच्या अलीकडे एका वावरात मी उत्तरेकडे तोंड करून उभा होतो. मालक आले, कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘हे काय करून राह्यले भाऊ? गाडी त रोजच जाते.’’ मी म्हटलं, काका, मागं डोंगर दिसतो का पाहतोय. ते हसले. ‘‘आज नाही दिसत. पाऊस येऊन गेल्यावर या, तवा डोंगर जवय येते.’’ ऑक्टोबरात, परतीचा पाऊस झोडपून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी गेलो, तर खरंच निळी भिंत उभी होती. शेगाव-जलंबकडून सातपुडा चाळीसेक किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावर तुम्ही शेतात पाचशे पावलं मागं-पुढं झालात तरी डोंगराचा आकार बदलत नाही, गाडीचा मात्र निम्मा-दुप्पट होतो. लाईनपासून तीनशे मीटरवर असाल तर भराव आणि गाडी मिळून डोंगर झाकून टाकतात. सहाशे मीटर मागं या, की डोंगर टपावरून डोकं काढतो. आणखी मागं गेलात तर आणखी वर. म्हणजे डोंगर किती मोठा हवा हे तुमच्या पायांवर आहे. इथं ५५ हे टोक वापरा, सहाशे मीटरवरून दहा-अकरा डबे येतील. तेवढे पुरे.

पॅनिंगबद्दल, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याबद्दल, थोडक्यात, कारण सपाटीत ते फसवं आहे. ताशी ११० ची गाडी सेकंदाला तीस मीटर जाते. १/३० शटर ठेवलं आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की मागचं सगळं मीटरभर ओढलं जातं. पण ओढायला मागं काही हवं ना! कोऱ्या आभाळासमोर पॅन केलंत तर गाडी उभी असल्यासारखीच दिसते. म्हणून गाडी आणि तुमच्या मधे काहीतरी ठेवा. ज्वारीची दाट ओळ सगळ्यात उत्तम, कणसांचे पट्टे होतात आणि त्यांच्यामागं खिडकीतला माणूस स्पष्ट.

रात्रीचा एकच फोटो सांगतो. गाडीच्या खिडक्यांची उजेडाची रेघ हवी असेल तर शटर गाडी जायला लागणाऱ्या वेळाएवढं: एक्सप्रेसला वीस सेकंद. एफ ८, आयएसओ २००, तिपाई. एसी डब्यांच्या काचा गडद असतात, स्लीपर आणि जनरलच्या खिडक्या उजळ, त्यामुळे रेघ मधेच मंद होते आणि पुन्हा पेटते. मात्र अंधारात अनोळखी वावरात शिरू नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाला झटका मशीन लावतात, काही थेट वीज सोडतात, आणि ती तार दिसत नाही. घोणस तर कापणीच्या दिवसांत दिवसाही असते. रात्रीचे फोटो पांदणीवरून किंवा ओळखीच्या धुऱ्यावरून. मालकाला आधी सांगून.

मालकाला सांगणं दिवसाही. उभ्या पिकातून चालायचं नाही, धुऱ्याने फिरायचं. वेचणाऱ्या बायांचा फोटो घ्यायचा तर विचारून, आणि नंतर छापून नेऊन द्या. फोनवर पाठवतो म्हणून विसरणारे फार पाहिले. मी एका ताईंना कापसाच्या गाठोड्यासकटचा फोटो नेऊन दिला, तेव्हापासून त्या धुऱ्यावर माझी बसायची जागा ठरलेली आहे.

लाईनवर मात्र अजिबात नाही. रुळाशेजारची रेल्वेची जागा सोडून शेतातच. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते राहू दे, विरुद्ध दिशेची गाडी मागून येते आणि समोरच्या गाडीच्या आवाजात ती ऐकू येत नाही, हे कारण पुरे आहे. वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, तेव्हा सेल्फीकाठी आणि ड्रोनचे प्रयोग लाईनजवळ नकोत. बिनराखणीची फाटकं ब्रॉडगेजवरून जानेवारी २०१९ पर्यंत सगळी गेली, आता राखणीची फाटकंही पूल आणि भुयारी मार्ग होऊन कमी होताहेत. भुयारी मार्गात पावसाळ्यात कमरेएवढं पाणी, ते असो. जिथं फाटक उरलंय तिथं गेटमनशी बोला, पण त्याच्या कामात लुडबुड नको. फाटक पडलं की काही मिनिटांत गाडी, एवढी सूचना तो न बोलताही देतो.

तुमचं गाव मूर्तिजापूर, म्हणून शकुंतलेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ती अडीच फुटी नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे पोचवण्यासाठी घातलेली. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन चालत होतं, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं. मी तिचे फोटो काढायला लागलो तेव्हा डिझेल आलं होतं, आणि आता गाडीच नाही. पण गवतात बुडालेले ते अरुंद रूळ, त्यांच्यावरून आडवी गेलेली बंडीची चाकोरी, स्टेशनच्या ओट्यावर वाळत घातलेली तूर, हेही गाडीचेच फोटो आहेत. तुम्ही सायकलवर जाऊ शकता. मला चाळीसेक किलोमीटर यावं लागतं. करा सुरू.

शेवटी फोनचं. तुम्ही फोनचा उल्लेख जरा लाजत केलाय, पण सपाटीत फोन एका बाबतीत मोठ्या कॅमेऱ्याच्या पुढं आहे: त्याची लेन्स जमिनीला टेकवता येते. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स असलेलं टोक खाली. आता कॅमेरा जमिनीपासून बोटभर उंचीवर आला आणि हातभर भरावावरची गाडीसुद्धा आभाळात गेली. जुलैत पांदणीवर चाकोऱ्यांमध्ये पाणी साचतं. चाकोरी लाईनकडे तोंड करून असेल अशी जागा बघा, फोन पाण्याच्या अगदी कडेला टेकवा, मोठं करायला बोटं फाकवू नका. साध्या लेन्सनेच घ्या. गाडी वर एकदा आणि पाण्यात एकदा, दोन रेघा. तळव्यांना दोन-दोन किलो चिखल चिकटेल, तेवढी तयारी ठेवून जा. आणि नुकतीच बंडी गेली असेल तर पाणी गढूळ असतं, ते निवळेपर्यंत एखादी गाडी जाऊ द्या, पुढची धरा.